थांबलेल्या लिफ्टखाली

४ जानेवारी

प्रिय मुंगी,

मी बरा झालो. हे वाक्य मी तुला याआधीही लिहिलंय. हसू नकोस. या वेळी खरंच बरा झालो. नडगीवरचं ते भोक मिटलं. कापसाला काही लागत नाही. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि म्हणाले, आता काही महिने तोंड दाखवू नका. तुम्हीही, असं मी मनात म्हणालो.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू तिकडून ओरडतेस, मी इकडून ओरडतो आणि दोघांच्याही हाती फक्त 'काय?' लागतं. तुमच्या व्हरांड्यातल्या त्या फोनलाच कुणीतरी औषध द्या.

कामावर जायला लागलो. मॅनेजरने पहिल्या दिवशी मला स्टोअरच्या काउंटरवर बसवलं. रोलर द्यायचा, वायर द्यायची, सही घ्यायची. दुपारपर्यंत बसलो. मग एका जुन्या इमारतीतून लिफ्ट अडकल्याची तक्रार आली आणि पाठवायला कुणी नव्हतं. मी हत्यारांची पिशवी उचलून निघालो. जिने चढून मशीन रूममध्ये गेलो. शेवटच्या लोखंडी शिडीवर पाय दुखला, पण माझाच पाय आहे, दुखला तर दुखला. वरून लिफ्टच्या विहिरीत, शाफ्टमध्ये, वाकून बघितलं. ग्रीसचा आणि धुळीचा तो वास आला. दोन वर्षांपूर्वी याच वासात पाय मोडून पडलो होतो, तरी मला तो आवडतो. तुझी वहिनी म्हणते, हाड जोडायची प्लेट नडगीत बसवली ते चुकलं, डोक्यात बसवायला हवी होती.

तुमच्या लॅबचा रिपोर्ट डॉक्टरांनी वाचून दाखवला. जंतू तोच, औषध लागू. तिन्ही वेळा तेच. मग झालं की.

एकदा येऊन जा.

दादा


१९ जानेवारी

दादा,

पत्र दोनदा वाचलं आणि आनंद झाला. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तो जरा कमी झाला.

तुझ्या डॉक्टरांकडे लॅब नाही, म्हणून तुझ्या पायातला पू तपासायला आमच्याकडे येतो. ट्यूबवर नाव नसतं, नंबर असतो. तुझा नंबर मला पाठ आहे. तो आला की मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. काचेच्या ताटलीत खाद्याचा घट्ट थर असतो, त्यावर तुझे जंतू पसरते. मग औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवते. सकाळी सगळी ताटली जंतूंनी भरलेली असते आणि ज्या औषधाने ते मरतात त्याच्या टिकलीभोवती गोल रिकामी जागा असते. तुझ्या ताटलीत ती इतकी रुंद होती की आमच्या प्रमुखबाई म्हणाल्या, "हे बिचारे औषधाच्या वासानेच मेलेत."

मग ते तीनदा परत कसे आले?

सरळ विचारते, रागावू नकोस. तू गोळ्या घेतोस का? सगळ्या? लहानपणी आई तुला औषध पाजायची आणि तू ते खिडकीतल्या कुंडीत थुंकायचास. घरात सगळ्यांत निरोगी ते रोप होतं. तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगावं लागेल, कारण ताटलीत औषध चालतंय आणि तुझ्या पायात चालत नाहीये. मधे फक्त तू आहेस.

खरं काय ते लिही.

मुंगी


२ फेब्रुवारी

मुंगी,

गोळ्या मी घेतल्या. एकही चुकवली नाही. वहिनी समोर उभी राहते, 'आ कर' म्हणते आणि जिभेखाली बघते. मांजराला औषध पाजतात तसं. तिचं ठीक आहे, ती बायको आहे, तिने संशय घ्यायचाच. तू घेतलास ते लागलं.

कुंडीची गोष्ट खरी आहे. ते औषध कडू होतं आणि मी सात वर्षांचा होतो.

एका ऑफिसात आमची एक लिफ्ट होती. रोज चौथ्या मजल्यावर अडकायची. मी गेलो की चालायची. मी वर खाली चार फेऱ्या मारायचो आणि 'तपासली, दोष नाही' असं लिहून यायचो. मॅनेजर म्हणायचा, लोक खोटं बोलतात, वेडीवाकडी बटणं दाबतात. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा मी येत असतानाच ऑफिस सुटलं, सगळे धावत आले आणि मला आत कोपऱ्यात दाबून लिफ्ट भरली. चौथ्यावर अडकली. अर्धा तास आत होतो. कुणीही माझ्याशी बोललं नाही.

लोक खोटं बोलत नव्हते. मी रिकामी लिफ्ट तपासत होतो, एवढंच.

मीही खोटं बोलत नाहीये.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

माफ कर. वहिनीलाही सांग, जिभेखाली बघणं बंद कर म्हणावं.

तुझं पत्र खिशात ठेवून कामावर गेले. मला जे सुचायला हवं होतं ते मी शिकलेय, परीक्षेत लिहून गुण मिळवलेत. भावाच्या बाबतीत मात्र आधी कुंडी आठवली.

तुझ्या जंतूंपैकी थोडे आम्ही गोठवून ठेवले होते. ते पातळ खाद्यात सोडले. रात्रभरात पाणी गढूळ झालं. मग त्यात तुझंच औषध टाकलं, तुझ्या रक्तात कधी पोचणार नाही इतकं जास्त. दुसऱ्या दिवशी पाणी जवळजवळ नितळ. कुणीही बघून म्हणेल, मेले. त्यातला थेंब घेतला, औषध धुऊन काढलं आणि नव्या ताटलीवर पसरला. सकाळी ताटलीवर ठिपके होते. थोडेच, लाखांतले मूठभर. मला वाटलं, हे औषधाला सरावलेत. म्हणून त्यांच्यावर पुन्हा टिकली ठेवली. तीच रुंद रिकामी जागा.

म्हणजे ते सरावलेले नाहीत. इतरांसारखेच आहेत. औषध आलं तेव्हा ते झोपलेले होते.

जंतू वाढताना स्वतःभोवती भिंत बांधत असतो. तुझं औषध ते बांधकाम बिघडवतं आणि जंतू फुटतो. पण जो काही बांधतच नाही, नुसता पडून आहे, त्याचं औषध काय बिघडवणार? ते त्याच्या अंगावरून निघून जातं. गोळ्या थांबल्या की कधीतरी तो उठतो, वाढायला लागतो, आणि तुझ्या नडगीला पुन्हा भोक पडतं. आम्ही तपासतो ते हेच उठलेले. झोपलेले आमच्या ताटलीत कधी येतच नाहीत. मीही रिकामी लिफ्टच तपासत होते.

आणि तुझ्या पायात त्यांची सोय आहे. प्लेटवर ते चिकट थर करून राहतात. धातूत रक्त फिरत नाही. थराच्या तळाशी खाद्य कमी पोचतं, म्हणून तिथे झोपलेले जास्त. डॉक्टर तुला प्लेट काढायचं म्हणाले असतील. मला तू ते लिहिलं नाहीस. ते बरोबर म्हणतात.

मुंगी


८ मार्च

प्रिय मुंगी,

तुझं पत्र वाचून किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. वहिनीलाही वाचून दाखवलं. इतके दिवस मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे. कुणी एवढं नीट सांगितलंच नव्हतं.

तर ते झोपलेत. झोपू देत की मग. उठवायचं कशाला?

डॉक्टर म्हणाले होते, खरं आहे. प्लेट काढायची, हाड खरवडायचं. मग उरलेलं हाड पातळ होणार, म्हणून पायाभोवती लोखंडी कड्या, कितीतरी महिने. पाय आखूड होईल. घोटा वळेल न वळेल. आणि शिडी कधीच नाही. हे त्यांनी सहज सांगितलं, पेनाचं टोपण लावता लावता. मी विचारलं, मग मी काम काय करायचं? म्हणाले, बसून करण्यासारखं काही नाही का? आहे ना. काउंटर आहे.

मी वीस वर्षं शाफ्टमध्ये आहे. मी आत गेलो की बाहेरचं काही ऐकू येत नाही. दोर वाजतात, तेवढंच. काउंटरवर माझ्यासमोर कॅलेंडर टांगलेलं असतं.

तेव्हा आमचं ठरलंय, माझं आणि त्यांचं. ते त्यांच्या जागी, मी माझ्या. मी जरा जपून चालतो. पाय छान आहे. कोरडा आहे.

दादा


१६ मार्च

दादा,

नाही. मी असं लिहिलं नव्हतं.

माणूस झोपतो तसे ते झोपत नाहीत. सगळे एकदम झोपत नाहीत आणि सगळे एकदम उठत नाहीत. कुणी ना कुणी आत्ताही उठत असेल. ज्या दिवशी तो उठतो त्या दिवशी औषध नसेल तर तो वाढतो, आणि भोवतीचं हाड थोडं आणखी जातं. तू त्यांच्याशी ठरवलंस. त्यांनी तुझ्याशी काही ठरवलेलं नाही.

डॉक्टरांना भेट. भेटलास की लगेच लिही.

मुंगी


५ एप्रिल

दादा,

उत्तर नाही.

परवा फोन केला. वहिनी म्हणाली, तू कामावर गेलायस. मागे कुणीतरी खोकलं. तुझा खोकला मी ओळखते, दादा, एवढ्या वाईट लाइनवरही.

लिही.

मुंगी


११ मे

मुंगी,

मी पत्र लिहिणारी नाही, तुला माहीत आहे. चूकभूल सांभाळून घे. तुझ्या दादाला न सांगता लिहितेय.

भोक मार्चमध्येच उघडलं. तुला 'कोरडा आहे' असं त्याने लिहिलं त्या दिवशी मी बाथरूमच्या बादलीत पट्ट्या बघितल्या. मी काही बोलले नाही. ते माझं चुकलं. नंतर तो औषधाच्या दुकानातून जुन्याच गोळ्या आणायला लागला, स्वतःच. घेतल्या की आठवडाभर बरं, मग थांबवायच्या. विचारलं तर म्हणतो, सारख्या दिल्या तर त्यांना कळतं.

महिनाभर अंगात ताप आहे. कामावर जात नाही. सकाळी डबा घेऊन निघतो, कोपऱ्यावरच्या बाकावर बसतो आणि शेजारीपाजारी कामाला गेले की परत येतो. तू फोन केलास तेव्हा घरातच होता. मी खोटं बोलले.

गेल्या आठवड्यात मी त्याला हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला. म्हणाले, हाड प्लेटच्या दोन्ही टोकांना पोखरलंय. आत्ता केलं तर पाय वाचेल. पावसाळा गेला तर गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. आणि हा शांतपणे त्यांना सांगतोय, माझी बहीण लॅबमध्ये आहे, ती म्हणते ते झोपलेत. तुझं ते पत्र त्याच्या शर्टाच्या खिशात असतं. धुवायला टाकताना रोज मी काढून ठेवते आणि तो रोज परत घालतो. नंतरचं पत्र मात्र कपाटात आहे. ते त्याने एकदाच वाचलं.

मी ओरडून झालं, रडून झालं. जेवायला वाढणार नाही म्हणाले, तर स्वतः उठून भात लावला आणि मलाही वाढला. अशा माणसाचं काय करायचं?

तो तुझंच ऐकेल. पण तू समजावू नकोस. समजावलेलं त्याला फार चांगलं समजतं.

वहिनी


१५ मे

दादा,

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली आहे. दोन दिवस हललेली नाही. तिच्या खालच्या खड्ड्यात तू मला उभं राहू देशील का?

मुंगी


२२ मे

मुंगी,

नाही.

कागद मोठा आहे म्हणून पुढे लिहितो.

खड्ड्यात उतरायचं असेल तर आधी वर जायचं. मेन स्विच पाडायचा. त्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात घालायची. दुसऱ्याच्या नाही. मग खाली. हे मी नव्या माणसांना शिकवतो. पाय मोडला त्या दिवशी मी वर गेलो नाही, कारण ती लिफ्ट बंदच पडलेली होती. मोटार जळालीय असं सगळे म्हणत होते. बंद पडलेल्याला कुलूप कोण लावतं? मी सरळ खाली उतरलो. वर इलेक्ट्रिशियनने कुठलीशी वायर जोडली आणि लिफ्टचा डबा खाली आला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीच्या फलकावर माझंच उदाहरण लावलंय, चित्रासकट. चित्रातल्या माणसाला मिशी आहे, एवढाच फरक. रोज त्याच्या समोरून जात होतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी चहा पीत होतो. तो एक प्रश्न वाचला आणि तू खड्ड्यात उभी दिसलीस. आताची नाही. दोन वेण्यांची, पायात माझ्याच जुन्या चपला, मोठ्या होणाऱ्या. वर डबा. अजिबात न हलणारा. मी इतक्या जोरात 'बाहेर ये' म्हणालो की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. म्हणाली, कुणाला बोलावतोयस? मी म्हणालो, डॉक्टरांना.

पुढच्या शनिवारी दाखल होतोय.

मला मरायची भीती नव्हती, पायाचीही फारशी नाही. ते कॅलेंडर डोळ्यांसमोर यायचं. हे मूर्खपणाचं आहे, पण तुला खरं लिहायचं ठरवलंय.

तूही खरं लिही. प्लेट काढल्यावर सगळे जातील? धीर द्यायला इथे वहिनी आहे. तू धीर देऊ नकोस.

दादा


२६ मे

दादा,

मला माहीत नाही.

प्लेट निघाली की त्यांची मोठी वस्ती जाईल. मेलेलं हाड काढलं की आणखी जातील. काही जिवंत हाडात शिरलेले असू शकतात. म्हणून नंतर कितीतरी आठवडे औषध घ्यायचं, बरं वाटत असलं तरी. जे उठतील ते मरतील. बहुतेकांचं असंच होतं आणि पाय कोरडा राहतो. जे उठणार नाहीत त्यांच्याबद्दल मला काही सांगता येत नाही, कुणालाच येत नाही.

ताटलीवर काही आलं नाही तर आम्ही 'जंतू नाहीत' असं लिहीत नाही. 'वाढ आढळली नाही' असं लिहितो. मला ही नुसती लिहायची पद्धत वाटायची.

माझं काम दुसरीवर सोपवलंय. शुक्रवारी पोचते. स्टेशनवर कुणी येऊ नका. तू तर मुळीच नाही.

मुंगी


१ जुलै

दादा,

नीट पोचले होते, लिहायला मात्र दोन आठवडे लागले. वहिनीला सांग, तिने दिलेली चादर मी गाडीतच विसरले आणि परत मिळवली.

तुझी प्लेट माझ्यासमोर आहे. तुझ्या सर्जनना मी मागितली तेव्हा ते म्हणाले, लोक मुतखडे मागतात, हे पहिल्यांदाच. हातात घेतली तर काहीच वाटत नाही. चमचा असावा तशी. एका टोकाला कपाच्या तळाशी राहतो तसा पुसट डाग.

तो खरवडला आणि ताटलीवर पसरला. एवढं औषध चालू असताना काढलेली प्लेट. पहिल्या दिवशी ताटली कोरी. दुसऱ्या दिवशीही कोरी. प्रमुखबाई म्हणाल्या, टाकून दे आता, जागा अडते. मी उबेच्या कपाटात मागच्या बाजूला सरकवून ठेवली. आठवडा संपत आला तेव्हा कडेला बारीक ठिपके दिसले. टाचणीच्या टोकाहून लहान. भिंग लावून बघितले. तेच. आळसावलेले, पण तेच.

बाईंना बोलावलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपण अशा किती ताटल्या टाकून दिल्या असतील गं?" आता हाडाच्या नमुन्याच्या ताटल्या आम्ही लवकर टाकत नाही.

तुझ्या हाडाच्या तुकड्यांच्या ताटल्याही ठेवल्यात. त्यांवर अजून वाढ आढळलेली नाही. मला काय म्हणायचंय ते तुला कळेल.

गोळ्या घेतोस का असं मी पुन्हा विचारणार नाही. तरी वहिनीला आ करून दाखव.

मुंगी


९ जून

प्रिय मुंगी,

पत्राचं पहिलं वाक्य काय लिहावं यात सकाळ गेली. जे लिहायची सवय होती ते लिहायचं नव्हतं. म्हणून मधूनच सुरुवात करतो.

ऑपरेशनला वर्ष झालं, लोखंडी कड्या निघूनही बरेच महिने झाले. पाय बोटभर आखूड आहे. उजव्या बुटाची टाच जाड करून घेतलीय. चालताना टक-टुक असा आवाज येतो. वहिनी म्हणते, एक बरं झालं, आता हा कुठे आहे ते घरात कळतं.

काउंटरवर बसतो. कॅलेंडर उतरवून मागच्या भिंतीला लावलं. एक नियम केलाय. खड्ड्यातल्या कामाचं सामान मागायला कुणी आलं की आधी त्याने आपलं कुलूप काउंटरवर ठेवायचं. मला दिसलं की सामान. पहिल्यांदा वाद झाले. एक जण म्हणाला, "अहो काका, लिफ्ट बंदच आहे." म्हटलं, मग कुलूप दाखवायला तुझं काय जातं? मॅनेजरकडे तक्रार गेली. त्याने फलकाकडे बोट दाखवलं. आता सगळे मला कुलूपकाका म्हणतात. तोंडावरच म्हणतात. चालतं.

कधी कधी शाफ्टचा वास आठवतो. मग बदललेला जुना दोर कुणी काउंटरवर आणून टाकला की मी तो हातात घेऊन बसतो जरा वेळ.

गोळ्या हिवाळ्यातच थांबल्या. परवा डॉक्टरांनी फोटो बघितला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुम्ही बरे झालात. मी त्यांचे आभार मानले. वहिनी बाहेर येऊन रडली. मी तिला थांबवलं नाही.

रोज आंघोळ झाली की त्या व्रणावर पांढरा कापूस दाबतो आणि उजेडात धरून बघतो. वहिनी तेव्हा दारात टॉवेल घडी करत असते. एकाच टॉवेलला किती घड्या घालते कोण जाणे.

तारीख वर लिहिलीच आहे. आज कापूस कोरडा आहे.

दादा